शेवटचे दोन परिच्छेद

अनसूया, आधी तुझा मजकूर. त्यातला एकही शब्द बदललेला नाही.

"या दैनिकात प्रसिद्ध झालेल्या बातमीच्या मथळ्यात फ्लूवर कायमची लस सापडली असे म्हटले होते. ते चूक आहे. आम्ही तयार केलेल्या प्रथिनाची चाचणी फक्त उंदरांवर झाली आहे. प्रथिन टोचलेले उंदीर फ्लूने आजारी पडले, पण त्यांतले बहुतेक जगले. हेही फ्लूच्या विषाणूंच्या एका गटापुरतेच खरे आहे. दुसऱ्या गटाविरुद्ध उपयोग दिसला नाही. माणसांसाठी अशी लस आज मिळत नाही. ज्यांना डॉक्टरांनी दरवर्षीची लस घ्यायला सांगितले आहे त्यांनी ती घ्यावी. वाट पाहू नये."

हे तू वहीच्या फाडलेल्या पानावर लिहून माझ्या टेबलावर ठेवलं होतंस. वर 'दुरुस्ती' असं शीर्षक होतं आणि त्याखाली दोन रेघा. ते पान माझ्या खणात राहिलं. छापलं गेलं नाही. आज ते सगळ्यात वर ठेवलं आहे. वरच का, ते तुला सांगायला नको. वाचणाऱ्यांना पुढे कळेल.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या पेपरात तुझ्या निधनाची बातमी आली. 'फ्लूवर कायमची लस शोधणाऱ्या सोलापूरच्या शास्त्रज्ञ.' तीच चूक, पुन्हा. आमच्याकडे माणूस गेलं की संगणकात त्याचं नाव टाकतात, जुनी बातमी वर येते, तिच्यातून दोन ओळी उचलतात. ती आपणच छापलेली असते, म्हणून कोणी तपासत नाही. एका दिवसाची चूक आमच्याकडे अशी पुरावा होते.

दुपारपर्यंत तुमच्या चौकात फ्लेक्स लागला. तुझा पासपोर्टचा फोटो, ताणून मोठा केलेला. त्याखाली सात माणसांचे फोटो. त्यांतल्या कोणालाही तू ओळखत नव्हतीस असं मला वाटतं. खात्री करता आली नाही. मधोमध लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'फ्लूला हद्दपार करणारी कन्या'. संध्याकाळच्या शोकसभेत एका वक्त्याने जगाला लस दिल्याबद्दल तुझे आभार मानले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत.

तुला काय झालं होतं ते मी इथे लिहीत नाही. तो फ्लू नव्हता, एवढं लिहिते. कारण 'फ्लूवर औषध काढलं आणि फ्लूनंच गेली' असं रिक्षा स्टँडवर बोललं जातंय, आणि सांगणाऱ्याला त्यात गंमत वाटते.

मी वृत्तसंपादकांकडे गेले. म्हटलं, निदान आता तरी दुरुस्ती छापू या. ते म्हणाले, "आता तक्रार कोण करणार?" मग जरा मऊ होऊन म्हणाले, "तुझी शाळेपासूनची मैत्रीण ना? रविवारच्या पुरवणीत अर्धं पान देतो. आठवणी लिही. वाचताना डोळ्यांत पाणी आलं पाहिजे."

नऊ वाक्यांच्या दुरुस्तीला जागा नव्हती. पाण्याला अर्धं पान आहे. मी ते घेतलं.

तर आठवणी.

कॉलेजच्या मागच्या इमारतीतली तुझी खोली सगळ्या आवारात प्रसिद्ध होती, कारण मे महिन्यात तेवढी एकच खोली गार असायची. लोक कामं काढून तिथं यायचे. कोणी सहीसाठी, कोणी पत्ता विचारायला. ग्रंथालयातले एक गृहस्थ रोज जेवणाच्या सुटीत ताकाची बाटली घेऊन यायचे आणि विचारायचे, "मॅडम, तुमच्या फ्रीजमध्ये जरा ठेवू का?" शेवटी तू फ्रीजरवर कागद चिकटवलास : 'यात ताक ठेवू नये. ठेवल्यास परत देता येणार नाही.' ते गृहस्थ दोन दिवस रुसले, मग नुसतेच येऊन बसायला लागले.

गारवा तुझ्यासाठी नव्हता. काचेच्या चंबूंत तू अळीच्या पेशी वाढवत होतीस, आणि त्यांना सत्तावीस अंशांच्या वर सोसत नाही. वीज गेली की तू घरून धावत यायचीस. "मूल पाळण्यात असल्यासारखी धावतेस," मी एकदा म्हणाले. "मुलाला घाम येतो, ते रडतं," तू म्हणालीस. "ह्या नुसत्या मरतात."

अळीच्या पेशी म्हटल्यावर मी लिहिता लिहिता थांबले होते. तू शांतपणे सांगितलंस की फ्लूची बरीचशी लस अजून कोंबडीच्या अंड्यांत विषाणू वाढवून करतात. तुझ्या पद्धतीत विषाणू वाढवायचाच नाही. त्याच्या अंगावरचं एक प्रथिन तेवढं हवं. त्या प्रथिनाची माहिती पेशींना द्यायची आणि ते त्यांच्याकडून करून घ्यायचं. आणि त्या पेशी मूळच्या लष्करी अळीच्या. जी अळी आपल्याकडे मका फस्त करते तिच्याच.

एका थंडीत अळीने केलेल्या नुकसानीची बातमी करायला मी मंद्रूपला निघाले, तर तू माझ्या गाडीवर मागे बसलीस. इतकी वर्षं हिच्या पेशी वाढवतेय, अळी एकदाही डोळ्यांनी पाहिली नाही, हे तुझं कारण. मक्याच्या पोंग्यात बोट घालून तू ती बाहेर काढलीस आणि तळहातावर घेऊन बराच वेळ बघत राहिलीस. शेतकरी गोंधळला. मी त्याला तुझं काम सांगितलं.

"म्हंजी, ही आमचा मका खाती, अन् तुमी हिच्याकडनंच औषध करून घेताय?"

"व्हय," तू म्हणालीस.

"मग तिला म्हनावं, आदी हितला मका सोड. मग औषधाचं बगू."

परतताना रस्त्याकडेला ज्वारी कणसात होती. तू गाडी थांबवायला लावलीस. एक धाट वाकवून म्हणालीस, "शैले, हे लिहून घे. फ्लूचा विषाणू अंगावर अशी कणसं घेऊन फिरतो. वर कणीस, खाली धाट. आपलं शरीर ह्या पाखरांसारखं आहे, धाटाकडे बघत नाही, कणसावरच बसतं. आणि कणीस सारखं बदलत राहतं. म्हणून दरवर्षी नवी लस. धाट मात्र फारसं बदलत नाही. मी कणीस कापून टाकते आणि शरीराला नुसतं धाट दाखवते."

"म्हणजे झालंच की."

"काय झालं? ज्वारीचं कणीस कापलं तरी धाट उभं राहतं. माझं कोसळतं. त्याला उभं ठेवण्यातच माझी वर्षं गेली. उपमा इथं संपते. हेही लिही."

हे तुझं नेहमीचं वाक्य. उपमा द्यायचीस आणि लगेच ती कुठे संपते ते सांगायचीस. मला ते तेव्हा कीस काढल्यासारखं वाटायचं.

तुझ्या वडिलांना मात्र उपमा द्यावी लागली नाही. नायना तुमचे; तुमच्या तेलुगू घरात वडिलांना नायना म्हणायचं आणि मुलीला बिड्डा. सोलापुरात चादरी विणण्यात जन्म गेलेला, घरामागच्या शेडमध्ये जेकार्डचा माग. चादरीवरचा मोर कुठून येतो, तर पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या कार्डांतून. कार्ड सांगतं, माग विणतो. तू त्यांना जनुक म्हणजे काय ते सांगायला लागलीस, तसं त्यांनी हात वर करून तुला थांबवलं.

"म्हंजे कार्ड तुझं, माग अळीचा."

"हो."

"अन् सूत?"

"सूतही तिचंच, नायना. मी खायला घालते तेवढंच."

"बरं हाय की. असा माग मला मिळाला असता तर." ते हसले. मग त्यांनी विचारलं, "काम झाल्यावर त्या पेशींचं काय करतीस, बिड्डा?"

"काही करावं लागत नाही. कार्ड चालून झालं की मरतात."

नायनांना खोकला आला. मागावरच्या कापसाच्या धुळीनं त्यांची फुप्फुसं कधीच अर्धी झाली होती. डॉक्टरांनी त्यांना फ्लूची लस दरवर्षी घ्यायला सांगितलं होतं आणि तू दरवर्षी त्यांना हाताला धरून नेत होतीस.

आता बातमीचं.

उंदरांवरच्या चाचणीचा निकाल पुण्याहून आला त्या दिवशी तू मला बोलावलंस. मी बातमी केली. मजकूर तू वाचलास, दोन ठिकाणी दुरुस्त केलास, बरोबर आहे म्हणालीस. अकरा परिच्छेद होते. नवव्यापर्यंत तुझं काम, खोली, अळी, कणीस, धाट. दहाव्यात उंदीर आजारी पडले ते, आणि दुसऱ्या गटावर उपयोग दिसला नाही ते. अकराव्यात माणसांसाठी लस होण्यापूर्वी काय काय व्हावं लागतं ते, आणि तोवर दरवर्षीची लस घ्या हे.

बातमी कशी लिहायची हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. सगळ्यात महत्त्वाचं वर, त्याहून कमी त्याखाली. जागा कमी पडली की डेस्क, म्हणजे पान लावणारी मंडळी, खालून कापतं. न वाचता कापलं तरी बातमी मरत नाही, असं या पद्धतीचं कौतुक आहे. त्या संध्याकाळी पान एकवर साड्यांच्या सेलची जाहिरात आली. दोन परिच्छेदांची जागा गेली. शेवटचे दोन परिच्छेद गेले. वर जे उरलं त्याला डेस्कनं मथळा दिला : 'आता एकच लस, फ्लू कायमचा हद्दपार'.

उरलेल्या नऊ परिच्छेदांत एक अक्षरही खोटं नव्हतं. हे मी तेव्हा बऱ्याच जणांना सांगितलं.

सकाळी नऊ वाजता तुझा फोन आला. तू ओरडली नाहीस. "मथळा कोणी दिला?" विचारलंस.

"डेस्कनं. मी देत नाही मथळे."

"नाव कोणाचं आहे त्यावर?"

"माझं."

"उंदीर कुठे गेले?"

मी जाहिरातीचं सांगितलं. खालून कापतात हेही सांगितलं. मग विचारलंस, "हे तुला लिहिताना माहीत होतं?"

"असतंच माहीत. सगळ्यांना असतं."

"मग ते खाली का लिहिलंस?"

हा आपला वाद. तो तिथून पुढे कधी मिटला नाही. मी म्हणत राहिले, मर्यादा शेवटी लिहितात, पद्धत आहे. तू म्हणत राहिलीस, मर्यादा हीच बातमी होती. "तुला निकाल म्हणजे काय ते कळलंच नव्हतं," असं एकदा म्हणालीस, आणि ते मला लागलं. मीही तुला लागेल असं बोलले. पेठेतल्या मंडळानं तुझा सत्कार केला होता. शाल, नारळ, मागे तो मथळा मोठा करून लावलेला. माईक तुझ्या हातात होता. तू आभार मानून खाली बसलीस. "तेव्हा का नाही सांगितलंस उंदरांचं?" मी विचारलं. तू म्हणालीस, "नायना पहिल्या रांगेत होते. धुतलेलं धोतर नेसून आले होते."

तुझं ते उत्तर मला पुरेसं वाटलं नव्हतं, आजही वाटत नाही. तुझ्यासारख्या बाईनं त्या दिवशी दोन वाक्यं बोलायला हवी होती. हे तू असताना सांगायला हवं होतं, म्हणजे तू उलट बोलली असतीस.

सत्कारानंतर आठ-दहा दिवसांत नायनांना लस टोचून आणायची वेळ आली. ते उठले नाहीत. कात्रण त्यांनी फ्रेम करून मागाच्या वर लावलं होतं. त्याकडे बोट करून म्हणाले, "तुझी येऊ दे की. मग घेतो."

"नायना, माझी अजून नाही झालेली. कधी होईल माहीत नाही."

"मागावर चढलीय की नाही?"

"चढलीय, पण..."

"मग झालं. घरच्या मागावर कापड चढलेलं असताना मी बाजारातनं चादर आणू? पेठ काय म्हणंल?"

तुमच्या घरात विकतची चादर कधी आली नाही. तुझ्या लग्नातसुद्धा नाही. मागावरची चादर उतरायला उशीर झाला म्हणून पाठवणी तासभर थांबली होती. जन्मभर ज्या शहाणपणावर माणूस जगला त्यालाच धरून तो चुकत होता. तू त्यांना चार तऱ्हांनी समजावलंस. ते म्हणाले, "तू लहानपणापास्नं स्वतःचं कमीच सांगतीस. पेपरवाले बघून लिहितात."

मग तू आमच्या ऑफिसात आलीस. पहिल्यांदा आणि शेवटचं. 'दुरुस्ती' लिहिलेलं पान माझ्यासमोर ठेवलंस आणि म्हणालीस, "ते माझं ऐकत नाहीत. तुझ्या पेपरचं ऐकतात. हे छाप. पान कुठलंही चालेल. मी त्यांना उघडून दाखवीन."

मी पान घेऊन वृत्तसंपादकांकडे गेले. त्यांनी ते वाचलं, खरं तर नीट वाचलं. म्हणाले, "बातमीत चूक काय आहे? मजकूर बरोबर आहे ना?"

"मजकूर बरोबर आहे. मथळा चूक आहे."

"चांगल्या बातमीची दुरुस्ती नसते. गावाला आनंद झालाय. आपण होऊन तो काढून घ्यायचा?"

त्याच आठवड्यात आम्ही एक दुरुस्ती छापली. एका कार्यक्रमात व्यासपीठावर बसलेल्या माजी नगरसेवकाचं नाव बातमीतून राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी चौकटीत ते आलं, दिलगिरीसह. तू ते कापून मला पाठवलंस. मागे लिहिलं होतंस, 'यांना खुर्ची होती. उंदरांना नव्हती.'

मी पुन्हा वृत्तसंपादकांकडे गेले नाही. एकदाच विचारलं होतं. एकदा विचारणं म्हणजे विचारणं नव्हे, हे बातमीदाराला कोणी शिकवावं लागत नाही. बातमीसाठी एकेका नगरसेवकाच्या मागे मी महिनाभर फिरलेली आहे. तुझ्या नऊ वाक्यांसाठी दोन मजले दुसऱ्यांदा चढले नाही.

थंडीत नायनांना ताप आला. तीन दिवसांनी दम लागला. दवाखान्यातला तपासणीचा कागद तुझ्याच हातात दिला गेला, कारण तिथं तो तुझ्याइतका कोणाला वाचता येत नव्हता. फ्लू होता. आणि तो दुसऱ्या गटातला होता; तुझ्या प्रथिनाचा ज्यावर उपयोग दिसला नव्हता त्या गटातला. म्हणजे ज्या लसीची ते वाट पाहत होते ती त्या दिवशी तयार असती, तरी तिचा त्यांना उपयोग झाला असता असं तू म्हणू शकली नसतीस. हे तू मला नायना गेल्यावर दवाखान्याच्या व्हरांड्यात उभी राहून सांगितलंस, कोणाला तरी अहवाल वाचून दाखवावा तशी.

मी म्हणाले, "दरवर्षीची घेतली असती तर वाचले असते."

"तसं म्हणू नकोस," तू म्हणालीस. "शक्यता वाढली असती. वाचलेच असते हे मला सिद्ध करता येत नाही." आणि मग, "तुलाही करता येत नाही. लिहू नकोस तसं कुठे."

मी ते लिहीत नाही. तू म्हणालीस तेवढंच लिहिते. शक्यता वाढली असती.

नायनांच्या तेराव्यानंतर काही दिवसांनी तुझ्या पुढच्या कामाला मंजुरी मागितलेल्या अर्जाचं उत्तर आलं. समितीनं लिहिलं होतं की लस तयार झाल्याचे वृत्तपत्रांतून दिसून येते, तरी पुढील संशोधनाची आवश्यकता स्पष्ट करावी. सोबत पुरावा म्हणून आमचं कात्रण जोडलेलं होतं. शास्त्रज्ञांच्या समितीनं विज्ञानाबद्दल पेपराचा मथळा जोडला. तू खुलासा पाठवलास, मग त्या खुलाशाचा खुलासा. दरम्यान कॉलेजनं ती गार खोली उत्तरपत्रिका ठेवायला घेतली. उत्तरपत्रिकांना सत्तावीस अंश लागत नाहीत. पेशी मेल्या. तयार प्रथिनाच्या कुप्या तू कोरड्या बर्फात घालून स्वतः पुण्याला पोचवून आलीस. त्या तिथे आहेत. काम पुढे चाललंय का, हे मी गेल्या आठवड्यात दोनदा विचारलं. 'प्रक्रियेत आहे' असं उत्तर आलं. कसली प्रक्रिया, ते विचारल्यावर फोन ठेवला गेला.

राग कोणाचा करायचा, याची यादी मी करून पाहिली. डेस्क म्हणेल, जागा नव्हती. वृत्तसंपादक म्हणतील, मजकूर बरोबर होता. समिती म्हणेल, छापून आलं होतं. फ्लेक्सवाले म्हणतील, आम्ही तर मान दिला. प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी खरं आहे आणि एक माणूस दवाखान्यातल्या खाटेवर श्वास न मिळून गेलाय. आणि आता तूही गेल्यावर सगळे मिळून तेच खोटं तुझ्या फोटोखाली लिहितायत, कारण ते कानाला बरं लागतं. तू जे केलंस ते त्याहून लहान होतं आणि खरं होतं. कोसळणारं धाट तू उभं केलंस. मरायला हवे होते त्यांतले बहुतेक उंदीर आजारी पडून उठले. तेवढ्यावर कोणीतरी पुढचं पाऊल टाकेल, किंवा नाही टाकणार. हे फ्लेक्सवर मावत नाही, म्हणून ते कमी होत नाही.

दवाखान्यात तू मला शेवटचं विचारलंस ते तुझ्या दुखण्याबद्दल नव्हतं. "ते पान आहे का गं तुझ्याकडे?" विचारलंस. आहे म्हटलं. "मग असू दे," म्हणालीस. रागावून म्हणालीस की माफ करून, ते मला ओळखता आलं नाही. तू स्पष्ट बोलणारी बाई, आणि हे एवढंच मोघम ठेवून गेलीस.

हा लेख मी डेस्ककडे देतेय. जागा कमी पडली तर त्यांनी नेहमीप्रमाणे खालून कापावा. तुझं वर आहे. तिथपर्यंत कात्री पोचणार नाही. खाली आता दोनच परिच्छेद उरतात, आणि ते माझे आहेत.

पहिला हा. ती बातमी लिहिताना मर्यादा खाली टाकल्या त्या पद्धत म्हणून नव्हे. मी ओळी मोजल्या होत्या. उंदीर आजारी पडले हे वर घेतलं असतं तर बातमी आतल्या पानावर गेली असती. मला ती पान एकवर हवी होती. तुझ्यासाठी, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. बातमीवरचं नाव माझं होतं.

दुसरा हा. तू दुरुस्तीचं पान देऊन गेलीस त्यानंतर चार दिवसांनी मी तुमच्या घरी आले होते. तू कॉलेजात होतीस. नायनांनी माग थांबवला, चष्मा वर केला आणि त्या फ्रेमकडे बघत मला विचारलं, "पेपरवाली, अनसूया म्हणती यात जास्त लिवलंय. जास्त लिवलंय का?" माझं नाव होतं त्या फ्रेममध्ये. दुरुस्ती छापली नव्हती, त्यांच्यासमोर ती फ्रेमच तेवढी वाचायला होती. "नाही, नायना," मी म्हणाले. "बातमी बरोबर आहे." त्यांनी मान हलवली आणि माग पुन्हा सुरू केला.